हा सर्व्हर प्रायमरी की रेप्लिका, हे कुणाला विचारायचं?

प्रश्न थोडक्यात असा: नव्या नोकरीत डेटाबेस सर्व्हरांच्या दोन जोड्या ताब्यात आल्या आहेत, एक मायएसक्यूएल ८.० ची आणि एक पोस्टग्रेस १४ ची. आधीचा डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) सोडून गेला, लिहून ठेवलेलं काहीच नाही. मशिनांची नावं 'डीबी-मास्टर' आणि 'डीबी-स्लेव्ह'. (प्रायमरी म्हणजे ज्याच्यावर लिहिलं जातं तो सर्व्हर, रेप्लिका म्हणजे त्याचे बदल घेत राहणारी प्रत; मास्टर आणि स्लेव्ह ही त्यांचीच जुनी नावं.) रात्रीचा बॅकअप फक्त रेप्लिकावर चालायला हवा आणि जुन्या नोंदी काढून टाकणारा पर्ज जॉब फक्त प्रायमरीवर. स्क्रिप्ट मात्र दोन्ही मशिनांवर एकच ठेवायची आहे. तर मशिनने स्वतःची भूमिका ओळखायची कशी?

(कमांड आणि कॉलमांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरालच.)

आधी नावाबद्दल. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण डेटाबेस सर्व्हरांना जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला पडत असेल. मी एका वित्तसंस्थेत होतो, प्रॉड (रोजचं काम चालणारे सर्व्हर) मुंबईत आणि डीआर (आपत्तीसाठीची पर्यायी जागा) हैदराबादला. एका शनिवारी रात्री डीआर ड्रिल झालं, भूमिका उलटल्या, सगळं छान चाललं. परत उलटवायचं ते पुढच्या शनिवारी ठरलं. पुढचा शनिवार महिनाअखेरीचा निघाला, त्यापुढचा सणाचा. असं करत करत वर्ष होत आलं तरी मुंबईचं 'पी' अक्षराचं मशीन स्टँडबाय (तयारीत बसलेली प्रत) म्हणून चाललेलं आणि हैदराबादचं 'एस' अक्षराचं मशीन सगळ्या शाखांचा भार वाहतंय. जुन्या चौघांना ते माहीत होतं. नव्याने आलेल्या मुलाला नव्हतं. त्याने सकाळी अकरा वाजता कर्नलचा पॅच टाकून 'स्टँडबाय' रीस्टार्ट केला. त्याला कुणी काही बोललं नाही, कारण चूक कुणाची आहे ते त्या चौघांनाही कळत होतं.

म्हणजे होस्टनेम, डीएनएसची नोंद, मॉनिटरिंगच्या पडद्यावरचं लेबल, एक्सेल शीट, हे सगळं बारशाच्या दिवशीचं आहे. आज काय चाललंय ते चालू असलेल्या सर्व्हरलाच विचारावं लागतं. आणि तिथेही 'तू प्रायमरी आहेस का' असा एकच प्रश्न विचारून भागत नाही, कारण त्या शब्दात तीन वेगळे प्रश्न दडलेत. हा कुणाकडून बदल घेतोय का? हा कुणाला बदल देतोय का? याच्यावर लिहिता येतं का? सगळं सुरळीत असताना तिन्हींची उत्तरं जुळतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. पण गडबड झालेली असते तेव्हाच ती फाटतात, आणि स्क्रिप्टची खरी परीक्षा तेव्हाच असते.

मायएसक्यूएलच्या जोडीवर जास्त वेळ घालवतो, कारण खड्डे तिथे जास्त आहेत.

पहिला प्रश्न विचारायची कमांड 'शो रेप्लिका स्टेटस'. ८.०.२२ पासून हे नाव आलं, त्याआधी 'शो स्लेव्ह स्टेटस' होतं. जुनं नाव ८.० मध्ये चालत राहिलं, ८.४ मध्ये काढूनच टाकलं. उत्तरात एकही ओळ आली नाही तर हा सर्व्हर कुणाकडून घेण्यासाठी लावलेला नाही. ओळ आली तर लावलेला आहे. 'लावलेला आहे' आणि 'घेतोय' यात फरक आहे, आणि त्या फरकासाठी दोन कॉलम बघायचे: 'रेप्लिका_आयओ_रनिंग' आणि 'रेप्लिका_एसक्यूएल_रनिंग'. दोन्ही कॉलम सर्व्हरातल्या एकेका धाग्याची (थ्रेडची) स्थिती सांगतात: पहिला धागा प्रायमरीकडून बदलांचा लॉग आणतो, दुसरा तो लॉग इथे लावतो. पहिल्याचं उत्तर 'येस' आणि 'नो' शिवाय 'कनेक्टिंग' असंही येऊ शकतं, म्हणजे बिचारा दार वाजवतोय आणि पलीकडून कुणी उघडत नाहीये.

आता नेहमी दिसणारी परिस्थिती घ्या. कधीतरी रात्री प्रायमरी पडला, कुणीतरी घाईघाईने रेप्लिकावर 'स्टॉप रेप्लिका' केलं, रीड-ओन्ली (फक्त वाचू देण्याचं बंधन) काढलं, ॲप्लिकेशन तिकडे वळवलं आणि झोपायला गेला. 'रीसेट रेप्लिका ऑल' करायचं राहिलं. आता हा सर्व्हर खराखुरा प्रायमरी आहे, पण 'शो रेप्लिका स्टेटस' अजून ओळ दाखवतं. फक्त ओळ आहे की नाही एवढंच बघणारी स्क्रिप्ट याला रेप्लिका म्हणेल. त्याहून वाईट पुढे आहे: जोडणीची माहिती सर्व्हरात साठवलेली असते, आणि 'स्किप_रेप्लिका_स्टार्ट' मुद्दाम लावलेलं नसेल तर सर्व्हर पुढच्या वेळी सुरू होताना रेप्लिकेशनचे धागे आपोआप सुरू होतात. म्हणजे सहा महिन्यांनी साध्या रीस्टार्टनंतर तुमचा प्रायमरी जुन्या, कुणीतरी चाचणीसाठी परत जिवंत केलेल्या मशिनकडून डेटा ओढायला लागू शकतो. ताब्यात घेतलेल्या जोडीत हे आहे का ते उद्या सकाळी आधी तपासा.

दुसरा प्रश्न, कुणाला देतोय का. इथे जुन्या लेखांमध्ये हमखास सापडणारा सल्ला: 'शो मास्टर स्टेटस' चालवा, फाइलचं नाव आणि पोझिशन आली तर तो मास्टर. ५.७ च्या जमान्यात हे बऱ्याचदा जुळून यायचं, कारण बायनरी लॉग (सगळ्या बदलांची नोंदवही) मुद्दाम सुरू करावा लागायचा आणि रेप्लिकावर तो सहसा कुणी सुरू करत नसे. ८.० पासून बायनरी लॉग मुळातच चालू असतो, आणि प्रायमरीकडून आलेले बदल रेप्लिकाच्या लॉगमध्ये उतरवणंही मुळातच चालू असतं. त्यामुळे रेप्लिकाही अगदी ऐटीत फाइल आणि पोझिशन दाखवतो. या कमांडवरून भूमिका ठरत नाही, विषय संपला. ८.४ मध्ये ती कमांडही गेली, तिच्या जागी 'शो बायनरी लॉग स्टेटस' आहे.

त्यापेक्षा प्रोसेसलिस्टमध्ये 'बिनलॉग डंप' नावाची जोडणी आहे का ते बघणं बरं. आहे म्हणजे कुणीतरी आत्ता याच्याकडून लॉग वाचतंय. पण कोण वाचतंय तेही बघा. डेबेझियमसारखं बदल टिपणारं साधन रेप्लिकाच असल्याचं भासवून जोडलं जातं, दूरवरून चालवलेलं मायएसक्यूएलबिनलॉगही तसंच दिसतं. आणि साखळी असेल तर मधला सर्व्हर वरून घेतो आणि खाली देतो, तो दोन्ही आहे. उलट बाजूने, 'बिनलॉग डंप' नाही म्हणून हा प्रायमरी नाही असंही नाही; रेप्लिका बंद पडलेला असेल.

तिसरा प्रश्न, लिहिता येतं का. 'रीड_ओन्ली' ही सेटिंग मुळात बंद असते. म्हणजे रेप्लिका लावताना कुणी मुद्दाम चालू केली नसेल तर त्या रेप्लिकावर बिनदिक्कत लिहिता येतं. आणि ती चालू असली तरी सुपर अधिकार असलेल्या युजरला ती अडवत नाही. त्यासाठी ५.७.८ मध्ये 'सुपर_रीड_ओन्ली' आलं. पर्ज जॉब चुकून अशा उघड्या रेप्लिकावर चालला तर काय होतं? त्या क्षणी काहीच नाही. नोंदी गुपचूप जातात. मग प्रायमरीवरून त्याच नोंदी डिलीट करण्याचा बदल येतो, रेप्लिकाला ती ओळ सापडत नाही, आणि रेप्लिकेशन १०३२ क्रमांकाच्या एररने थांबतं. सकाळी माणूस नेटवर्क तपासत बसतो.

मी स्वतः काय करतो: जोडीतल्या दोन्ही मशिनांच्या कॉन्फिगमध्ये 'सुपर_रीड_ओन्ली' चालू ठेवतो. कुठलंही मशीन रीस्टार्ट झालं की कुलूप लावूनच उठतं. ज्याला प्रायमरी करायचं त्याचं कुलूप फेलओव्हरच्या (प्रायमरीची भूमिका दुसऱ्या मशिनकडे नेण्याच्या) प्रक्रियेने किंवा माणसाने उघडायचं. काहींना हा जाच वाटतो, रात्री अडीचला अजून एक कमांड. मला ती एक कमांड परवडते.

यावरून मायएसक्यूएलसाठी नियम असा निघतो. ओळ नाही आणि रीड-ओन्ली बंद: प्रायमरी. ओळ आहे, दोन्ही धागे 'येस' आणि रीड-ओन्ली चालू: रेप्लिका. या दोन्हींत न बसणारं सगळं तिसऱ्या कप्प्यात, 'माहीत नाही'. हा तिसरा कप्पा स्क्रिप्टमध्ये असणं, हे माझ्या मते या अख्ख्या उत्तरातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. लोक 'रेप्लिका नाही म्हणजे प्रायमरी' अशी इफ-एल्स लिहितात आणि त्या 'एल्स' मध्ये जगातली सगळी संकटं येऊन बसतात.

उदाहरण देतो. स्क्रिप्ट 'शो रेप्लिका स्टेटस' चालवून ग्रेप करते (उत्तरात ठरावीक शब्द शोधते), काही सापडलं नाही तर प्रायमरी समजते. आता मॉनिटरिंग युजरकडे 'रेप्लिकेशन क्लायंट' हा अधिकार नसेल तर एरर येतो, आणि ग्रेपला काही सापडत नाही. पासवर्ड बदलला असेल, तेच. सर्व्हर ८.०.२१ असेल तर सिंटॅक्स एरर, तेच. मारियाडीबी असेल तर कमांड १०.५ पासून चालते, पण कॉलमांची नावं अजून 'स्लेव्ह_आयओ_रनिंग' अशी जुनीच आहेत, म्हणून ग्रेप रिकामा. चारही वेळा रिकामं उत्तर, चारही वेळा स्क्रिप्ट छातीठोकपणे म्हणणार 'मी प्रायमरी', आणि पर्ज सुरू. रिकामं उत्तर आणि फसलेला प्रश्न यांत फरक करायला एक्झिट कोड (कमांड यशस्वी झाली की नाही ते सांगणारा आकडा) बघावा लागतो. पाइपच्या पलीकडे तो हरवतो, म्हणून आधी उत्तर व्हेरिएबलमध्ये घ्या, कोड तपासा, मग शोधाशोध करा.

ग्रुप रेप्लिकेशन किंवा इनोडीबी क्लस्टर (मायएसक्यूएलचे सर्व्हर गटाने चालवायच्या पद्धती) असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि परफॉर्मन्स स्कीमामधल्या 'रेप्लिकेशन_ग्रुप_मेंबर्स' टेबलात स्वतःच्या ओळीचा 'मेंबर_रोल' आणि 'मेंबर_स्टेट' बघा. स्टेट 'ऑनलाइन' नसेल तर रोलला किंमत देऊ नका.

आता पोस्टग्रेस. इथे आयुष्य सोपं आहे, कारण फिजिकल स्टँडबायवर (अख्ख्या सर्व्हरच्या हुबेहूब प्रतीवर) लिहिताच येत नाही, सेटिंग विसरण्याचा प्रश्नच नाही. २०१० साली ९.० आवृत्तीत हॉट स्टँडबाय आलं तेव्हापासून 'पीजी_इज_इन_रिकव्हरी' हे फंक्शन आहे. खरं आलं तर स्टँडबाय, खोटं आलं तर लिहिता येणारा सर्व्हर. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि बहुतेक दिवस ते पुरतंही.

ते कधी पुरत नाही? 'खरं' याचा नेमका अर्थ आहे 'मी रिकव्हरीत आहे'. कुणी बॅकअपवरून गेल्या मंगळवारची स्थिती उभी करून ठेवली असेल तर तेही मशीन 'खरं'च म्हणेल, आणि त्याचा तुमच्या प्रायमरीशी काही संबंध नाही. म्हणून जोडीला 'पीजी_स्टॅट_वॉल_रिसीव्हर' मध्ये ओळ आहे का बघा. असेल तर तो आत्ता कुणाकडून तरी घेतोय, आणि कुणाकडून तेही त्यातच दिसतं. (आर्काइव्हमधून फाइली उचलून चालणाऱ्या स्टँडबायला ही ओळ नसते.) 'पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन' ही दुसरी बाजू, कुणाला देतोय. तिथे ओळ दिसली की प्रायमरी, असं समजू नका. साखळीतला स्टँडबायही खालच्यांना देतो आणि त्याच्याकडेही ओळी दिसतात. पीजी_बेसबॅकअप चालू असेल तर त्याचीही ओळ दिसते, स्टेट 'बॅकअप' अशी. मॉनिटरिंग युजरला 'पीजी_मॉनिटर' रोल दिलेला नसेल तर बरेचसे कॉलम रिकामे येतात; त्यावरून निष्कर्ष काढू नका.

आणि 'खोटं' याचा अर्थ फक्त 'मी रिकव्हरीत नाही'. चुकून प्रमोट झालेला (प्रायमरी बनवला गेलेला) स्टँडबायही तेच म्हणणार. दोन्ही मशिनं 'खोटं' म्हणायला लागली की समजायचं, घरात दोन कारभारी झाले. तेव्हा टाइमलाइन बघायची. प्रत्येक प्रमोशनला टाइमलाइनचा आकडा वाढतो, आणि वॉल (पोस्टग्रेसचा बदलांचा लॉग) फाइलच्या नावातली पहिली आठ अक्षरं म्हणजे तो आकडा. ज्याचा मोठा तो नंतर प्रमोट झाला. तो बरोबर आहे असं मात्र यातून सिद्ध होत नाही, ग्राहकांच्या नोंदी कुठे गेल्या ते वेगळं शोधावं लागतं.

सर्व्हर बंद असेल तर 'पीजी_कंट्रोलडेटा' चालवा. 'डेटाबेस क्लस्टर स्टेट' या ओळीत 'शट डाउन' असेल तर तो प्रायमरी असताना नीट बंद झाला, 'शट डाउन इन रिकव्हरी' असेल तर स्टँडबाय असताना. 'इन प्रॉडक्शन' असूनही प्रोसेस नसेल तर प्रायमरी असताना कोसळला. बंद पडलेल्या दोन मशिनांपैकी कुठलं आधी उठवायचं हे ठरवताना या ओळीने मला एकापेक्षा जास्त वेळा वाचवलंय. फाइलींवरूनही अंदाज येतो: १२ पासून डेटा डिरेक्टरीत 'स्टँडबाय.सिग्नल' नावाची रिकामी फाइल असते, त्याआधी 'रिकव्हरी.कॉन्फ' होती. १२ किंवा त्यापुढच्या सर्व्हरला जुनी रिकव्हरी.कॉन्फ सापडली तर तो सुरूच होत नाही, हे बरं केलंय त्यांनी.

लॉजिकल रेप्लिकेशन असेल तर मात्र 'प्रायमरी कोण' हा प्रश्नच मोडतो. दोन्ही बाजू लिहिता येणाऱ्या, दोन्हीकडे फंक्शन 'खोटं' म्हणणार. भूमिका तिथे टेबलागणिक असते: हे टेबल इथून जातं, ते टेबल इथे येतं. 'पीजी_पब्लिकेशन' आणि 'पीजी_सबस्क्रिप्शन' बघा आणि पर्ज कुठल्या टेबलावर चालणार त्यानुसार ठरवा.

आता एक अशी चूक जी मी स्वतः केलीय. स्क्रिप्ट अचूक, प्रश्न अचूक, तिसरा कप्पाही होता. फक्त जोडणीचा पत्ता ॲप्लिकेशनच्या कॉन्फिगमधून उचललेला. तो पत्ता होता एचएप्रॉक्सीचा, आणि त्याचं कामच मुळी जोडणी प्रायमरीकडे नेणं. त्यामुळे दोन्ही मशिनं 'तू कोण' असं विचारायची ते प्रायमरीलाच, आणि दोन्हींना उत्तर मिळायचं 'प्रायमरी'. पर्ज रोज रात्री दोनदा चालत होता, एकाच सर्व्हरवर, दोन मशिनांवरून. नुकसान झालं नाही, लॉकसाठी रांग लागायची इतकंच. पण बॅकअप? तो कुठेच चालत नव्हता, कारण रेप्लिका असल्याचं कुणीच कबूल करत नव्हतं. तेव्हापासून 'मी कोण' हा प्रश्न मी फक्त त्याच मशिनच्या युनिक्स सॉकेटवरून (नेटवर्कवर न जाणाऱ्या आतल्या जोडणीवरून) विचारतो. पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचा कमांड-लाइन क्लायंट) चालवताना 'एक्स' हा मोठा पर्यायही द्या, म्हणजे कुणाच्या पीएसक्यूएलआरसी फाइलमधला स्वागत-संदेश उत्तरात मिसळणार नाही.

सॉकेटवरून विचारलं तरी एक मर्यादा राहतेच. सर्व्हरला फक्त स्वतःबद्दल माहीत असतं. 'मी लिहू देतोय' हे तो सांगू शकतो. 'लिहू देणारा मी एकटाच आहे' हे तो सांगू शकत नाही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबचं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं नेटवर्क फक्त ४३ सेकंद तुटलं. तेवढ्यात ऑर्केस्ट्रेटर या साधनाने मायएसक्यूएलचे प्रायमरी पश्चिम किनाऱ्यावर नेले. पूर्वेकडच्या प्रायमरींवर काही सेकंदांचे बदल असे होते जे पश्चिमेला पोचलेच नव्हते, आणि पश्चिमेला नवे बदल सुरू झाले. पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. त्या ४३ सेकंदांत पूर्वेकडच्या कुठल्याही प्रायमरीला विचारलं असतं तर त्याने प्रामाणिकपणे 'मी प्रायमरी' असंच सांगितलं असतं.

म्हणून जिथे आपोआप फेलओव्हर होतो तिथे सर्व्हरच्या वर बसलेल्या पंचांना विचारायचं. पोस्टग्रेसवर पॅट्रोनी (आपोआप फेलओव्हर करणारं साधन) असेल तर तो ८००८ पोर्टवर उत्तर देतो: '/प्रायमरी' या पत्त्यावर २०० आलं तर लीडरचं कुलूप या नोडकडे आहे, ५०३ आलं तर नाही. हे कुलूप ईटीसीडीसारख्या बहुमताने चालणाऱ्या साठ्यात असतं आणि मुळातली मुदत ३० सेकंदांची. नोडने ते वेळेत नवं केलं नाही तर ते जातं आणि पॅट्रोनी त्याला खाली उतरवतो. तुमच्याकडे नुसतीच दोन मशिनं आहेत, तिसरा पंच नाही. दोघांत बहुमत होत नाही, त्यामुळे आपोआप फेलओव्हर लावायचा मोह आवरा. फेलओव्हर माणसाने करावा आणि जुन्या प्रायमरीची वीज किंवा नेटवर्क खरंच तोडलंय याची खात्री त्याच माणसाने करावी.

बाकीची कुटुंबं एका दमात: रेडिसला 'रोल' कमांड आहे, २.८.१२ पासून, सेंटिनेल (रेडिसवर नजर ठेवणारा पंच) असेल तर त्यालाही विचारा. मोंगोडीबीमध्ये 'हॅलो' विचारा आणि 'इजरायटेबलप्रायमरी' बघा, जुनं 'इजमास्टर' ५.० पासून मावळतीला लागलंय. ओरॅकलमध्ये 'व्ही-डॉलर-डेटाबेस' मधला 'डेटाबेस_रोल', आणि जोडीने 'ओपन_मोड'. एसक्यूएल सर्व्हरच्या ऑलवेज ऑन मध्ये भूमिका सर्व्हरची नसून अव्हेलेबिलिटी ग्रुपची असते, एकच इन्स्टन्स एका ग्रुपचा प्रायमरी आणि दुसऱ्याचा सेकंडरी असू शकतो. म्हणून 'एफएन_एचएडीआर_इज_प्रायमरी_रेप्लिका' हे फंक्शन डेटाबेसचं नाव मागतं.

आता तुमच्या दोन जॉबांकडे येऊ, कारण 'माहीत नाही' आल्यावर दोघांनी वेगळं वागायला हवं.

पर्जने थांबायचं. काहीही न करता, शून्याखेरीज एक्झिट कोड देऊन, अलर्ट पाठवून. एक दिवस जुन्या नोंदी जास्त राहिल्या तर कुणाचं काही बिघडत नाही. खरं सांगायचं तर पोस्टग्रेससाठी मी पर्ज डेटाबेसच्या मशिनांवर ठेवणारच नाही. तिसऱ्या मशिनवरून जोडणीत दोन्ही होस्ट लिहा आणि 'टार्गेट_सेशन_ॲट्र्स' ला 'रीड-राइट' द्या. १० पासूनची क्लायंट लायब्ररी स्वतःच लिहिता येणारा सर्व्हर शोधते. भूमिका ओळखायचा प्रश्नच उरत नाही. मायएसक्यूएलवर अशी सोय हाती नसेल तर छोट्या तुकड्यांत डिलीट करा आणि प्रत्येक तुकड्याआधी, त्याच सेशनमध्ये, भूमिका पुन्हा विचारा. दोन वाजता विचारलेलं उत्तर दोन वाजून तीन मिनिटांनी शिळं झालेलं असू शकतं.

बॅकअपने मात्र 'माहीत नाही' आलं तरी चालायचं, आणि आरडाओरडा करत चालायचं. प्रायमरीवर थोडा भार पडेल. बॅकअपच झाला नाही, यापेक्षा ते परवडलं. आणि रेप्लिका आहे एवढ्यावर बॅकअप समाधानी नको. तो किती मागे आहे तेही हवं. एकदा आमच्याकडे रेप्लिकाचा एसक्यूएल धागा एकोणीस दिवस बंद होता. बॅकअप रोज रात्री यशस्वी, रोज हिरवी खूण, रोज तोच एकोणीस दिवसांपूर्वीचा डेटा. मायएसक्यूएलमध्ये धागा बंद असेल तर 'सेकंड्स_बिहाइंड_सोर्स' शून्य येत नाही, नल येतं, आणि शेल स्क्रिप्टला नल आणि शून्य यांतला फरक कळेलच असं नाही. पोस्टग्रेसमध्ये उलटी गंमत: प्रायमरीवर रात्री काही लिहिलंच गेलं नाही तर 'पीजी_लास्ट_झॅक्ट_रिप्ले_टाइमस्टॅम्प' वरून काढलेला लॅग (किती मागे आहे तो वेळ) उगाच वाढत जातो. दोन्हींवर उपाय एकच, प्रायमरीवर दर काही सेकंदांनी वेळ लिहिणारं छोटं हार्टबीट टेबल. मायएसक्यूएलसाठी पर्कोना टूलकिटमधलं पीटी-हार्टबीट तयार आहे.

हाताने करायच्या कामांबद्दल एक. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबमध्ये पोस्टग्रेसच्या सेकंडरीची डेटा डिरेक्टरी पुसून नव्याने भरायची होती. पुसायची कमांड प्रायमरीवर चालली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी गेले होते, आणि जवळजवळ सहा तासांपूर्वीच्या स्नॅपशॉटवरून परत यावं लागलं. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहिलं, त्यानंतर मशिनं ओळखू यावीत म्हणून प्रॉम्प्टही बदलले. प्रॉम्प्टमध्ये होस्ट आणि वातावरण रंगाने दाखवा, जरूर. भूमिका मात्र दाखवू नका: लॉगिनच्या वेळी काढलेली भूमिका फेलओव्हरनंतर त्याच खिडकीत तशीच उभी राहते, आणि माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवतो. डिरेक्टरी पुसणारी कमांड हाताने टाइप करण्याऐवजी छोट्या स्क्रिप्टमधून द्या, जी आधी 'पोस्टमास्टर.पीआयडी' आहे का बघेल, मग पीजी_कंट्रोलडेटाची ओळ वाचेल, आणि 'शट डाउन इन रिकव्हरी' सोडून दुसरं काहीही दिसलं तर नकार देईल. प्रायमरी कोसळल्यावर त्यालाच पुन्हा स्टँडबाय म्हणून उभं करायचं असेल तेव्हा ही स्क्रिप्ट आडवी येईल. येऊ द्या. त्या वेळी दुसऱ्या माणसाला शेजारी बसवून हाताने करा.

उद्या सकाळी एवढं करा. दोन्ही जोड्यांच्या चारही मशिनांवर सॉकेटवरून वरचे तिन्ही प्रश्न विचारून उत्तरं कागदावर लिहा. मग प्रत्येक मशिनवर ॲप्लिकेशनच्या जोडण्या कुठल्या पत्त्यांवरून आल्यात ते प्रोसेसलिस्ट आणि 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' मध्ये बघा. ज्या मशिनला तुम्ही रेप्लिका लिहिलंय तिथे ॲप्लिकेशनचा लिहिणारा युजर दिसला तर पुढचं सगळं थांबवून आधी त्याचा माग काढा. स्क्रिप्ट लिहून झाली की क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत) टाकण्याआधी चाचणीच्या जोडीवर तिला तीन वेळा छळा: चुकीचा पासवर्ड देऊन, रेप्लिकाचा एसक्यूएल धागा थांबवून, आणि सर्व्हरच बंद करून. तिन्ही वेळा 'माहीत नाही' यायला हवं. माझ्या पहिल्या स्क्रिप्टने तीनपैकी दोनदा 'प्रायमरी' सांगितलं होतं.